मनाचे दुखणे आणि शेजाऱ्याचा धर्म
(अभ्यासमंडळासाठी पाठ)

शरीराला ताप आला, तर घरची माणसे शेजारी सांगून येतात. शेजारीण पेजेचे भांडे पाठवते, कोणी डॉक्टरांना बोलावून आणतो, कोणी देवापुढे नारळ ठेवतो. मनाला दुखणे जडले, की त्याच घराच्या खिडक्या लावून घेतल्या जातात. मुलीचे लग्न अडेल, मुलाची नोकरी जाईल, लोक काय म्हणतील, या भीतीने आजाराचे नावही घरात उच्चारले जात नाही. अशा रीतीने रुग्णाच्या वाट्याला दोन दुःखे येतात : एक आजाराचे आणि दुसरे एकटेपणाचे. पहिल्या दुःखावर वैद्याचा इलाज लागतो. दुसरे मात्र समाजानेच निर्माण केलेले असते आणि ते समाजालाच निवारता येते. हे दुसरे दुःख कमी झाले, म्हणजे पहिलेही पुष्कळसे हलके होते, असा अलीकडच्या काळातील अनुभव आहे. आणि त्या अनुभवाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या गोव्याच्या भूमीवरच मिळालेला आहे. प्रस्तुत पाठात त्याचा विचार करावयाचा आहे.

१. दुखणे किती आणि कोणाचे

प्रथम या दुखण्याचे प्रमाण पाहू. बंगळूर येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत घरोघर जाऊन पाहणी केली. तीत १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. त्या बारा राज्यांत गोवा नव्हता. तथापि अंदाजापुरता हा आकडा आपणास घेता येईल. एखाद्या देवस्थानाशी ३०० कुटुंबे संबंधित आहेत आणि त्यांत ९०० प्रौढ माणसे आहेत असे धरले, तर त्यांपैकी नव्वदांहून अधिक माणसे आज या दुखण्याने पीडित असतील. आपण पालखीच्या दिवशी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असतो आणि आपल्याला त्याची वार्ताही नसते.

याच पाहणीचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करावयास लावणारा आहे. निरनिराळ्या मनोविकारांपैकी बहुतेकांच्या बाबतीत १०० रुग्णांमागे ७० ते ९२ जणांना उपचार मिळालेलेच नव्हते. याची कारणे अनेक आहेत. लज्जा हे एक कारण. आजार हा आजार आहे हेच न उमगणे, हे दुसरे. आणि मानसोपचारतज्ज्ञांची अत्यल्प संख्या हे तिसरे. देशात लाख लोकांमागे पुरता एकही तज्ज्ञ नाही, अशी गणना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

मनोविकार हा शब्द ऐकताच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे रस्त्याने बडबडत जाणारा मनुष्य उभा राहतो. वस्तुतः अशा तीव्र विकारांचे रुग्ण संख्येने थोडे असतात. बहुसंख्य रुग्ण विषाद आणि चिंता या दोन विकारांचे असतात, आणि ते आपापली कामे कशीबशी करीत असतात. त्यांना झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, सर्वांग दुखते, सारखा थकवा वाटतो, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन रमत नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर ते 'मन दुखते' असे म्हणत नाहीत. 'अंग दुखते' असेच सांगतात. म्हणून वर्षानुवर्षे शक्तिवर्धक औषधे आणि झोपेच्या गोळ्या चालू राहतात व मूळ दुखणे तसेच राहते.

हे दुखणे श्रीमंत-गरीब दोघांनाही होते, हे खरे. परंतु त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. उद्याच्या मजुरीची शाश्वती नसणे, कर्जाचा तगादा, घरातील मारहाण, वैधव्य, जातीमुळे किंवा परप्रांतीय म्हणून सोसावी लागणारी अवहेलना, यांतून विषाद व चिंता बळावतात, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. उलट, आजारामुळे मजुरी बुडते, औषधासाठी कर्ज होते आणि कर्जामुळे आजार वाढतो. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. ज्याच्या गाठी पैसा आहे तो शहरातील तज्ज्ञाकडे गुपचूप जाऊन येतो. ज्याच्याकडे तो नाही त्याला भित्र्या आणि आळशी म्हणून नावे ठेवली जातात. यास्तव मनाच्या आरोग्याचा प्रश्न आणि समतेचा प्रश्न हे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

२. पहिल्या अध्यायातील मौन

या विषयात देवस्थानाचा संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपणा सर्वांच्या नित्यपरिचयाच्या एका ग्रंथाकडे वळू. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच 'अर्जुनविषादयोग' असे आहे. अर्जुनाचा विषाद हा वैद्यकाच्या व्याख्येतील रोग होता असे आपणास म्हणावयाचे नाही. परंतु दुःखाने व्याकूळ झालेल्या मनुष्याशी कसे वागावे, याचा जो क्रम तेथे दिसतो तो लक्षात घेण्यासारखा आहे.

पहिल्या अध्यायात भगवंतांच्या मुखी अर्ध्या श्लोकाएवढेच शब्द आहेत. समोर जमलेले कौरव पाहा, एवढेच ते सांगतात. त्यानंतर अर्जुनाचे गात्र शिथिल होते, तोंडाला कोरड पडते, धनुष्य हातातून गळते. तो आपल्या व्यथेची सर्व कारणे एकामागून एक सांगत जातो आणि अध्याय संपेपर्यंत भगवान मध्ये एक शब्दही बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला दोन श्लोकांत कठोर शब्दांनी जागे करू पाहतात. त्या शब्दांनी अर्जुन उठत नाही. तो आपली असहायता पुन्हा सांगतो, मार्ग दाखविण्याची विनंती करतो, 'मी लढणार नाही' असे म्हणतो आणि गप्प बसतो. त्यानंतर जो उपदेश सुरू होतो तो पुढे अठराव्या अध्यायापर्यंत चालतो आणि त्यात अर्जुनाला पुनःपुन्हा शंका विचारण्याची मोकळीक असते.

आपण सामान्यतः काय करतो? पहिला अध्याय पूर्ण गाळतो आणि त्या दोन कठोर श्लोकांपासून आरंभ करतो. 'मन घट्ट कर', 'एवढे काय झाले', 'आम्ही याहून मोठी संकटे पाहिली', 'देवाचे नाव घे, सर्व ठीक होईल' ही आपली वाक्ये त्या जातीची आहेत. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु ऐकणाऱ्याला आपण दुबळे आहोत, एवढाच त्याचा अर्थ लागतो. प्रत्यक्ष भगवंतांच्या शब्दांनी जे एका क्षणात साधले नाही, ते आपल्या शब्दांनी साधेल, ही अपेक्षा धरणे योग्य नव्हे. प्रथम पूर्ण ऐकून घेणे, विचारल्यावर बोलणे, आणि एकदा बोलून न थांबता सोबत राहणे, हा क्रम आहे. आजचे समुपदेशनशास्त्रही नेमका हाच क्रम शिकवते.

आयुर्वेदाच्या परंपरेतही मनोविकारांचा स्वतंत्र विचार झालेला आहे. चरकसंहितेत उन्मादावर निदानस्थानात व चिकित्सास्थानात वेगळे अध्याय असून, औषधाबरोबर स्नेह्यांनी धीर द्यावा असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात रुग्णाला बांधणे, भय दाखविणे असेही उपाय आहेत. ते आज सर्वथा त्याज्य मानले पाहिजेत. परंपरेचा आदर करणे म्हणजे तिच्यातील ग्राह्य आणि त्याज्य यांचा विवेक करणे होय.

३. देवस्थाने आणि मनोरुग्ण : दोन वाटा

मनाने खचलेला मनुष्य देवाच्या दारी येतो, ही गोष्ट सर्व धर्मांत व सर्व देशांत दिसते. तो आल्यावर देवस्थान त्याच्याशी कसे वागते, यावर पुढचे सर्व अवलंबून असते. इतिहासात याच्या दोन वाटा दिसतात.

पहिली वाट आश्रयाची. बेल्जममध्ये घेल नावाचे एक गाव आहे. तेथे संत डिम्फ्ना हिच्या देवालयात मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जात असे. यात्रेकरूंसाठी देवालयाला लागून, आपल्या अग्रशाळेसारखी, एक निवासजागा बांधण्यात आली. ती अपुरी पडू लागली तेव्हा गावकरी रुग्णांना आपापल्या घरी ठेवून घेऊ लागले. रुग्ण त्या घरचे होऊन राहत, शेतीत व घरकामात हातभार लावीत. शतकानुशतके ही रीत चालली. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण कुटुंबांत राहत होते. पुढे नवी औषधे व नव्या व्यवस्था आल्या आणि ही संख्या पुष्कळ उतरली. तरी कुटुंबात ठेवून सांभाळण्याची ती पद्धत जगभरच्या अभ्यासकांना मार्गदर्शक ठरली.

आपल्या देशातही असा एक दाखला आहे. तामिळनाडूत मुथुस्वामी नावाच्या सत्पुरुषाच्या समाधिस्थानी एक देऊळ आहे. तेथे मनोरुग्ण व त्यांचे आप्त येऊन राहतात. डॉ. रघुराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ३१ रुग्णांचा अभ्यास करून तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. बहुतेक रुग्ण तीव्र विकारांचे होते. ते सरासरी सहा आठवडे देवळात राहिले. तेथे मंत्रतंत्र, मारहाण वा साखळदंड यांतले काहीही नव्हते. सकाळी साधी पूजा होई आणि उरलेल्या वेळी देवळाची झाडलोट, झाडांना पाणी घालणे अशी कामे रुग्ण आपल्या इच्छेने करीत. परत जाताना त्यांच्या लक्षणांची तीव्रता सुमारे एक पंचमांशाने उतरलेली होती. शांत, निर्भय व आपुलकीच्या वातावरणाचा हा परिणाम असावा, असे अभ्यासकांनी म्हटले. हा अभ्यास लहान होता व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. देवळात राहिल्याने औषधाची गरज उरत नाही, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. आपुलकीचे वातावरण हेही उपचाराचे एक अंग आहे, इतकाच त्याचा अर्थ.

रुग्णालयांनाही हे सत्य कळू लागले होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या आप्तांना आवारात तंबू ठोकून त्यांच्यासोबत राहू दिले. आप्त सोबत राहिल्याने रुग्ण लवकर घरी जाऊ लागले आणि घरच्यांची आजाराविषयीची भीतीही गेली.

दुसरी वाट बंधनाची. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, एका दर्ग्याच्या परिसरातील खाजगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली. तेथील मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. हा दोष एका धर्माचा म्हणता येणार नाही. रुग्णाला बांधून ठेवण्याचा प्रघात अनेक धर्मांच्या स्थानी होता. घरातील माणसांना दुसरा आधार दिसत नाही, म्हणून ती रुग्णाला अशा ठिकाणी सोडून जातात. तेव्हा साखळीचे एक टोक ज्या समाजाने त्या घराला एकटे टाकले, त्याच्याही हाती असते.

या दोन वाटांमधून एक तिसरी, समन्वयाची वाटही निघाली आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा-दुआ' या नावाने एक उपक्रम सुरू झाला. येणाऱ्या रुग्णासाठी मुजावर प्रार्थना करीत आणि त्याच आवारात बसणाऱ्या डॉक्टरांकडे त्याला पाठवीत. श्रद्धेचा अवमान झाला नाही आणि औषधही पोटात गेले.

४. गोव्यात काय घडले

आता आपल्या घरच्या अनुभवाकडे येऊ. १९८२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. मनोविकारांचे उपचार मोठ्या इस्पितळांतून काढून प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत न्यावेत, हा त्याचा हेतू होता. कर्नाटकातील बेळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून त्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून तो जिल्हा कार्यक्रम म्हणून अन्यत्र पसरू लागला. परंतु आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढे रुग्णांची रांग असते. एकेका रुग्णाचे मन उलगडून ऐकण्यास त्यांना वेळ कोठून मिळणार?

याच १९९६ साली गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'संगथ' ही संस्था स्थापन केली. ऐकण्याचे व धीर देण्याचे काम, योग्य शिक्षण दिल्यास, गावातील सामान्य मनुष्य करू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी कसोटीला लावला. गोव्यातील २४ दवाखाने निवडण्यात आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रे व १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी स्थानिक समुपदेशक नेमले. वैद्यकाची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. सुमारे दोन महिन्यांचे शिक्षण त्यांना दिले गेले. रुग्णाला त्याचे दुखणे समजावून सांगणे, नात्यांतील ताण-तंट्यांवर विचार करण्यास मदत करणे, उपचार मध्येच सुटला तर आठवण करून देणे, ही त्यांची कामे. औषधाची गरज असेल तर ते डॉक्टर देत, आणि कठीण प्रसंगी मानसोपचारतज्ज्ञ मार्गदर्शन करीत. या 'मानस' प्रयोगात २,७९६ रुग्ण सहभागी होते आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ते निष्कर्ष बारकाईने पाहण्यासारखे आहेत. सरकारी आरोग्य केंद्रांत जेथे समुपदेशक होते, तेथे निदान झालेल्या रुग्णांपैकी ६५.९ टक्के सहा महिन्यांत बरे झाले. जेथे ते नव्हते, तेथे ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. समुपदेशक नसतानाही तेथे बरे होण्याचे प्रमाण सुमारे तितकेच, म्हणजे ६५.९ टक्के होते. याचा अर्थ असा, की ज्यांना आधीपासून डॉक्टरांचा वेळ व लक्ष मिळत होते, त्यांना वेगळ्या मदतीची फारशी उणीव नव्हती. जे सरकारी केंद्रातील लांब रांगेत उभे राहत होते, त्यांना एका ऐकणाऱ्या माणसाने मागून आणून बरोबरीला बसविले. समता हा शब्द आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. येथे ती आकड्यांत दिसते.

त्यानंतर तीव्र विषादाच्या रुग्णांसाठी याच पद्धतीचा दुसरा प्रयोग गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. त्यात ४९५ रुग्ण होते. समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनंतर या रुग्णांपैकी ६४ टक्क्यांचा विषाद ओसरला होता. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या बैठकांत असे होते तरी काय? त्यातील तत्त्व साधे आहे. विषादाने ग्रासलेला मनुष्य हळूहळू एकेक गोष्ट सोडून देतो. बाजारात जाणे सोडतो, मित्राकडे जाणे सोडतो, भजनाला येणे सोडतो. कृती सुटल्याने तिच्यातून मिळणारे समाधान सुटते आणि समाधान सुटल्याने मन आणखी खचते. 'मन बरे झाले की मी बाहेर पडेन' असे तो म्हणतो. समुपदेशक त्याला उलट बाजूने आरंभ करावयास सांगतो : आधी लहानशी कृती, मग मन. आज केवळ अंगणापर्यंत जावे, उद्या तुळशीला पाणी घालावे, परवा एका जुन्या स्नेह्याला भेटावे. कृती लहान असावी, ठरलेल्या वेळी असावी आणि ती झाली की नाही हे आपुलकीने विचारणारे कोणी असावे. हे विचारणारे माणूस म्हणजेच समाज.

५. आपल्या देवस्थानाने काय करावे

येथवर पाहिलेल्या गोष्टी आपल्या व्यवहारात कशा आणाव्यात, याविषयी काही सूचना महाजन व सर्व भक्तमंडळींपुढे विचारार्थ ठेवीत आहे.

(अ) भाषा सुधारावी. 'पिसा', 'खूळ लागले', 'बाहेरची बाधा' हे शब्द आवारात, सभेत व पंगतीत वर्ज्य असावेत. मधुमेह झाला म्हणतो, तसे विषाद झाला, चिंतेचा विकार झाला, असे म्हणावे. लग्न जमविताना एखाद्या घरात असा आजार होता एवढ्यावरून ते घर वगळण्याची रीत सोडावी. ही एक रीत सुटली, तर निम्मी लपवाछपवी आपोआप सुटेल आणि माणसे वेळेवर उपचारास जातील.

(आ) कौल आणि औषध यांत विरोध नसावा. आपल्याकडे कठीण प्रसंगी देवाचा कौल घेण्याची प्रथा आहे, आणि संकटातील मनाला त्याचा मोठा आधार असतो. परंतु 'औषध घ्यावे की बंद करावे' हा प्रश्न कौलाला लावू नये. तो डॉक्टरांचा प्रांत आहे. 'देवाचा प्रसाद घे आणि औषधही चालू ठेव', असे पुजाऱ्यांनी स्वमुखाने सांगितले, तर त्याचा जो परिणाम होईल तो शंभर व्याख्यानांनी होणार नाही. व्रत-उपवासांच्या बाबतीतही हाच विवेक ठेवावा. लिथियमसारखे औषध घेणाऱ्याने निर्जळी उपवास करणे धोक्याचे असते. डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा.

(इ) ऐकणारी माणसे तयार करावी. स्त्रिया व पुरुष मिळून पाच-सहा विश्वासू मंडळी निवडून त्यांना जाणकारांकडून शिक्षण मिळवून द्यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ अग्रशाळेची एक खोली या कामासाठी मोकळी ठेवावी. तेथे ऐकलेले तेथेच राहील, ही देवासमोर घेतलेली शपथ असावी. लहान गावात गुप्तता पाळणे किती कठीण असते, हे आपण सर्व जाणतो. एकदा जरी ती मोडली, तरी त्या खोलीकडे पुन्हा कोणी फिरकणार नाही.

(ई) रुग्णाला सेवेत स्थान द्यावे. फुले ओवणे, समया उजळणे, भजनात झांज धरणे, महाप्रसादाची पाने मांडणे, अशी कामे त्याच्या इच्छेनुसार द्यावीत. त्याचे प्रदर्शन करू नये, बळजबरी करू नये, आणि एखाद्या दिवशी तो आला नाही तर रागावू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी प्रसाद पोचता करावा.

(उ) सांभाळणाऱ्यास विसावा द्यावा. तीव्र आजाराच्या घरात आई किंवा पत्नी वर्षानुवर्षे उंबरठ्याबाहेर पडलेली नसते. आठवड्यातून दोन तास कोणी विश्वासू बाई त्या घरी जाऊन बसली, तर ती माउली देवदर्शन करून येईल. मुलांची शाळेची फी, औषधाचा खर्च, सावकाराचा तगादा, यांत हातभार लावणे हाही मनाचाच उपचार आहे.

(ऊ) जे येत नाहीत त्यांच्याकडे जावे. महाजनांच्या वहीत ज्यांची नावे आहेत, तेवढाच आपला समाज नव्हे. देवाची सेवा करणारी सर्व कुटुंबे, वाड्यावरील भाडेकरू, परराज्यांतून आलेले मजूर, एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया, यांच्यापैकी किती जण आपल्या अग्रशाळेची पायरी निःसंकोच चढतील, याचा विचार करावा. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि ते दार उघडले. दगडी दार उघडल्यावर मनाचे दारही उघडे ठेवणे, हे काम प्रत्येक पिढीकडे असते.

६. मर्यादा आणि कायदा

वरील सर्व काम डॉक्टरांच्या जागी नसून त्यांच्या सोबतीने करावयाचे आहे. काही लक्षणे दिसताच विलंब न करता रुग्णाला आरोग्य केंद्रात किंवा बांबोळी येथील मानसोपचार संस्थेत न्यावे. इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणे, निराधार संशयाने घाबरून राहणे, दिवसच्या दिवस झोप वा अन्न नसणे, बाळंतपणानंतर मातेचे वागणे एकाएकी बदलणे, आणि जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही ती लक्षणे होत. शेवटच्या लक्षणाविषयी एक गैरसमज आहे. 'जीव द्यावा असे मनात येते काय?' असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तज्ज्ञांचे मत तसे नाही. शांतपणे व प्रेमाने विचारल्यास पीडिताला हलके वाटते. मात्र उत्तर होय असे आल्यास त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी उपचाराकडे न्यावे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस, विनामूल्य व अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक देवळाच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लावावा.

कायदाही आज रुग्णाच्या बाजूला उभा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अंमलात आला. मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरून, त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले. परंतु कायदा साखळी तोडू शकतो; सोबत बसू शकत नाही. ते काम शेजाऱ्याचे.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांच्या लावलेल्या खिडक्या आतून लावलेल्या दिसतात, तरी त्या बाहेरच्या भीतीने लावलेल्या असतात. ती भीती दूर करणे आपल्या हाती आहे. त्यास धन फारसे लागत नाही. थोडा वेळ, थोडे मौन आणि पुष्कळसा विश्वास लागतो. येत्या वार्षिक सभेत यांपैकी एक तरी सूचना कृतीत आणण्याचा ठराव व्हावा, अशी देवाचरणी प्रार्थना आहे.

मननासाठी प्रश्न

१. गीतेच्या पहिल्या अध्यायात भगवंतांनी धारण केलेल्या मौनापासून आपण कोणता बोध घ्यावा?

२. 'मानस' प्रयोगात सरकारी आरोग्य केंद्रांत फरक पडला आणि खाजगी दवाखान्यांत पडला नाही. यावरून समतेविषयी काय दिसते?

३. देवाचा कौल आणि डॉक्टरांचे औषध यांची मर्यादा आपल्या घरात कशी आखावी?

४. आपल्या वाड्यावरील कोणत्या घरी गेल्या वर्षभरात कोणीही बसावयास गेले नाही? तेथे कोण जाईल आणि केव्हा?